टवक्याएवढीच दुरुस्ती

 डागडुजीचा विचार मनात ठेवून मुंबई-गोवा महामार्गानं पेण, वडखळ, कोलाड, माणगाव असं खाली उतरत गेलं, की रस्त्याकडेची गॅरेजं वेगळ्या नजरेनं बघितली जातात. या रस्त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढे वर्षानुवर्षं डायव्हर्जन, उखडलेले थर, खड्ड्यांत ओतलेली सुटी खडी आणि ती वाहून नेणारे डंपर हे इथलं नेहमीचं दृश्य होऊन बसलं. गणपतीला गावी गेलेली गाडी परत येते तेव्हा बॉनेटच्या पुढच्या कडेवर, बंपरवर आणि पुढच्या चाकांमागच्या पत्र्यावर टवके उडालेले असतात. काही जेमतेम मिलिमीटरभर, काही तीन-चार मिलिमीटरचे. लांबून दिसत नाहीत, पण गाडी धुताना फडक्याखाली बोटाला लागतात.

त्यानंतर बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणून टवका तसाच सोडला जातो आणि दोन पावसाळ्यांनंतर त्यातून गंजाचा तांबडा ओघळ उतरतो. नाहीतर गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाते, तिथे ‘एवढ्याशा जागेला काय करणार, अख्खं बॉनेट मारून टाकू, क्लेममध्ये बसवू’ असा सल्ला मिळतो आणि चार टवक्यांसाठी दीड चौरस मीटर चांगला रंग घासून काढला जातो. माझं म्हणणं असं, की यांतली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच चुकीची आहे, आणि ती काळजी घेतल्याच्या समाधानात केली जात असल्यामुळे जास्त फसवी आहे. टवका लगेच भरावा आणि टवक्याएवढाच भरावा. याची कारणं रंगाच्या थरांत आहेत, विम्याच्या हिशेबात आहेत, आणि रंग मारणाऱ्या माणसाच्या छातीतही आहेत.

कारखान्यात चढलेला रंग

चाकण किंवा नाशिकच्या कारखान्यात गाडीला रंग चढतो तेव्हा ती अजून गाडी झालेली नसते. सीट नाही, वायर नाही, काच नाही, टायर नाही. नुसता जोडलेला पत्र्याचा सांगाडा असतो. तो आधी धुतला जातो, मग त्यावर फॉस्फेटचा किंवा तशाच दुसऱ्या रसायनाचा अतिशय पातळ थर बसवतात, म्हणजे पुढचा रंग पत्र्याला धरून राहतो. त्यानंतर अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवला जातो. विजेचं ऋण टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, त्यामुळे पाण्यात तरंगणारे रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात आणि फवाऱ्याला कधीच पोचता येणार नाही अशा पोकळ्यांत, घड्यांत, कडांच्या आत जाऊन चिकटतात. गाड्यांच्या उद्योगात ही पद्धत १९७०च्या दशकात रुळली आणि गंजाविरुद्धची खरी लढाई तिनंच जिंकली. हा थर साधारण २० मायक्रॉनचा असतो आणि १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजला जातो.

त्यावर प्रायमर, साधारण ३० ते ४० मायक्रॉन. हा थर थोडा लवचीक ठेवलेला असतो, कारण दगडाचा मार त्यानं पोटात घ्यावा अशी अपेक्षा असते. काही कारखान्यांत आता भट्टीचा एक टप्पा वाचवण्यासाठी प्रायमरचं काम पुढच्या थरांकडेच सोपवलेलं असतं. मग रंगछटेचा थर, तो बहुधा २० मायक्रॉनच्याही आत. सगळ्यात वर ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. वरचे थर १४० अंशांच्या आसपास भाजले जातात. सगळं मिळून जाडी शंभर ते सव्वाशे-दीडशे मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांएवढी. ऊन, पाऊस, खारा वारा, पक्ष्यांची विष्ठा आणि वर्षानुवर्षांचं धुणं-पुसणं एवढ्या जाडीत सोसायचं असतं.

गॅरेजमध्ये यातलं काय पुन्हा करता येतं? हौदात बुडवणं शक्य नाही. १४० अंशांची भट्टी शक्य नाही, कारण आता गाडीत वायरिंग, प्लास्टिक, रबर, पेट्रोल आणि बॅटरी आहे. चांगल्या बूथमध्ये तापमान ६० अंशांपर्यंत नेतात आणि रंगाला वाळवण्याचं काम हार्डनरच्या रसायनाकडून करून घेतात. रस्त्याकडेच्या शेडमध्ये तेही नसतं. ताडपत्रीचा आडोसा, कॉम्प्रेसर आणि जमिनीवर मारलेलं पाणी, म्हणजे धूळ उडू नये. चांगल्या पेंटरच्या हातचं बूथमधलं काम वर्षानुवर्षं टिकतं, हे मान्य. पण ते बसतं कशावर? जुना क्लिअर कोट घासून त्यावर. बॉनेटच्या कडांवर आणि घड्यांवर कागद जरा जास्त फिरला, तर खालचा हौदातला थरही निघून जातो, आणि तो परत देणं जगातल्या कुठल्याही गॅरेजच्या हातात नाही. टवक्यात रंग गेलेला असतो तो एक-दोन मिलिमीटरचा. अख्खं बॉनेट घासलं की त्याच्या कडेनं धोका ओढवून घेतला जातो तो काही मीटरचा.

खडी नेमकं काय करते

आपल्याकडच्या रस्त्यांची खडी बहुतांशी बेसाल्टची, म्हणजे सह्याद्री ज्याचा झाला आहे त्याच काळ्या दगडाची. क्रशरमधून निघते तेव्हा तिच्या कडा धारदार असतात. नदीतल्या गोट्यासारखी ती गोल झालेली नसते. दहा मिलिमीटर जाडीच्या तुकड्याचं वजन दीड ग्रॅमच्या आसपास भरतं. पुढच्या ट्रकच्या टायरनं तो उडवला की आपल्याला वाटतं, दगड आपल्या दिशेनं झेपावला. बहुतेक वेळा घडतं ते वेगळं: दगड हवेत उडालेला असतो आणि आपली गाडी आपल्या वेगानं त्याच्यावर जाऊन आदळते. म्हणून मार किती बसणार हे बऱ्याच अंशी आपला वेग ठरवतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी १०० ऐवजी ७० किलोमीटरनं गेलं तर ती जवळजवळ निम्मी होते, ५० नं गेलं तर चौथाई. ही सगळी ऊर्जा खडीच्या एका टोकावर, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत उतरते.

रंग बनवणारे हाच मार प्रयोगशाळेत देऊन बघतात. ग्रॅव्हेलोमीटर नावाचं यंत्र असतं. ठरावीक आकाराची अर्धा लिटरच्या आसपास खडी हवेच्या दाबानं रंगवलेल्या पत्र्यावर मारतात, आणि मग त्यावर चिकटपट्टी लावून जोरात ओढतात. टवके मोजायचे ते त्यानंतर. ही चिकटपट्टीची पायरी महत्त्वाची आहे. दगड जेवढी जागा मोकळी करतो त्यापेक्षा मोठी जागा सैल करून जातो. टवक्याच्या कडेचा रंग वरून शाबूत दिसतो, पण त्याची खालची पकड सुटलेली असते. पावसाचं पाणी त्याच फटीतून आत शिरतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून रंग उचलतो आणि मिलिमीटरच्या टवक्याभोवती रुपयाएवढा फोड येतो. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, पणजी असल्या खाऱ्या हवेच्या गावांत हे वेगानं होतं.

टवक्यात डोकावून बघणं

म्हणून पहिलं काम रंग शोधण्याचं नाही, बघण्याचं आहे. गाडी धुऊन, वाळवून, उजेडात भिंग धरलं की टवका स्वतःच सांगतो तो कुठवर गेलाय. नुसती पांढुरकी खूण असेल आणि गाडीचा मूळ रंग आत शाबूत असेल, तर फक्त क्लिअर कोट गेला आहे. करडी, फिकट पिवळसर किंवा काळपट जागा दिसली तर प्रायमर किंवा हौदातला थर उघडा पडलाय, म्हणजे गंजाला अडवणारा पहारा अजून जागेवर आहे. चकचकीत धातू दिसला तर घाई हवी. तांबूस दिसलं तर उशीर झालाच आहे, पण हाताबाहेर गेलेलं नाही.

त्याहीआधी खाली काय आहे ते ठाऊक हवं. बंपर बहुतेक गाड्यांचे प्लास्टिकचे असतात. ते गंजत नाहीत, त्यामुळे बंपरवरचा टवका हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न आहे आणि तो सवडीनं सोडवला तरी चालतो. काही महागड्या गाड्यांची बॉनेट अ‍ॅल्युमिनियमची असतात. साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून टेकवलं की कळतं. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पण रंगाखाली पांढरी भुकटी आणि नागमोडी रेघा पसरू शकतात.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आजच्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, मग टवक्याची एवढी धास्ती कशाला? मुद्दा खरा आहे. जस्त स्वतः झिजून शेजारच्या उघड्या लोखंडाला वाचवतं, आणि त्यामुळे पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत असा टवका बराच काळ नुसता काळा पडून राहतो. पण हा मुलामा काही मायक्रॉनचा असतो, प्रत्येक गाडीच्या प्रत्येक पत्र्याला तो असेलच असं नाही, आणि दगडाची धार जिथे खोल गेली तिथे तोही खरवडला जातो. जस्त आपल्याला वेळ देतं. ती वेळ टवका भरायला वापरली तर तिचा उपयोग. आणि जस्त आहे म्हणून अख्खं पॅनल रंगवायचं कारण तर आणखीच कमी होतं.

काडीच्या टोकावरचं काम

प्रत्यक्ष काम संथ आहे, अवघड नाही. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो, कंपनीप्रमाणे दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. त्या कोडची टच-अपची लहान बाटली किंवा पेन कंपनीच्या दुकानात, नाहीतर रंगाच्या मोठ्या दुकानात मिळतं. सगळ्यांत आधी वॅक्स आणि तेलकटपणा काढायचा. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. थिनर जपून, कारण तो प्लास्टिकला आणि ताज्या टच-अपला खातो. मग चिकटपट्टी लावून ओढायची, सैल कडा आत्ताच निघून गेलेल्या बऱ्या. त्यांच्यावर रंग भरला तर तोही त्यांच्यासोबतच उडणार. गंज असेल तर काडीच्या टोकाला पॉलिश पेपरचा कण चिकटवून फक्त खड्ड्याच्या आत फिरवायचा, आणि उरलेल्या गंजासाठी रस्ट कन्व्हर्टरचा थेंब. धातू उघडा असेल तर प्रायमर हवाच. ही पायरी सगळ्यांत जास्त गाळली जाते आणि भरलेला टवका वर्षभरात पुन्हा फुगतो तो याचमुळे.

बाटलीच्या झाकणातला ब्रश या कामाला जाड पडतो. चित्रकाराचा सगळ्यांत बारीक ब्रश किंवा दात कोरायची काडी घ्यावी, रंगाचा थेंब खड्ड्याच्या मध्यावर टेकवावा आणि तो आपला आपण कडांपर्यंत पसरू द्यावा. वाळताना त्यातला द्रव उडून जातो आणि थर खाली बसतो, म्हणून एकाच वेळी भरून टाकण्यात अर्थ नाही. पातळ तीन-चार थर, प्रत्येकाला वाळायला वेळ. शेवटी क्लिअरचा थेंब, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर. पुष्कळजण इथेच थांबतात आणि थांबायला हरकत नाही, पाणी अडलेलं आहे. ज्यांना गुळगुळीत हवं त्यांनी आठवडाभर तरी जाऊ द्यावा, मग २००० किंवा ३००० नंबरचा वॉटर पेपर लहानशा कडक ठोकळ्याला गुंडाळून साबणाच्या पाण्यात नुसता उंचवटा उतरवावा आणि कंपाउंडनं चमक आणावी. बोटानं कागद दाबू नये. बोट मऊ असतं, ते खड्ड्यात शिरतं आणि भोवतालचा क्लिअर कोटही झिजवतं.

हवामान मात्र हवं तसं लागतं. भर पावसाळ्यात, कोकणात विशेषतः, हे काम करू नये. टच-अपमधला द्रव भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगाला दुधाळ झाक येते. भर उन्हात तापलेल्या बॉनेटवर केलं तर थेंब पसरायच्या आत सुकतो. पाऊस उघडला, हवा कोरडी झाली की सावलीत करायचं हे काम आहे, आणि मधले महिने काढायचे झाले तर उघड्या धातूवर टाकलेला साधा क्लिअरचा थेंबही पुष्कळ वाचवतो.

डाग दिसतो, हा आक्षेप

सगळ्यांत जोरदार हरकत दिसण्याची आहे. काडीनं भरलेला टवका जवळून कळतो. विशेषतः चंदेरी, करड्या अशा मेटॅलिक रंगांत. त्यांच्यात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात; फवाऱ्यानं ते आडवे बसतात आणि प्रकाश एकसारखा परतवतात, काडीनं टाकलेल्या थेंबात ते वाटेल तसे उभे-आडवे राहतात, म्हणून जागा थोडी काळपट दिसते. तीन थरांच्या मोतिया रंगांत तर छटा अचूक जुळणं कठीणच. साधा पांढरा सर्वांत सोपा, आणि आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्याच सगळ्यांत जास्त आहेत.

पण छटेचा फरक पॅनल रंगवूनही टळत नाही, तो फक्त मोठ्या जागेवर पसरतो. पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडवरच्या रंगासारखा राहिलेला नसतो. दोन मिलिमीटरच्या ठिपक्यात तो फरक दोन पावलांवरून नाहीसा होतो; बॉनेट आणि त्याला खेटून असलेल्या फेंडरमध्ये तोच फरक सरळ रेषेत डोळ्यांत भरतो. हे पेंटरला ठाऊक असतं, म्हणून चांगला पेंटर शेजारच्या दोन्ही फेंडरवरही रंग विरळ करत नेतो आणि त्यांना पूर्ण क्लिअर मारतो. म्हणजे बॉनेटवरच्या चार टवक्यांपायी तीन पॅनलांचा मूळ रंग गेला. पुढे गाडी विकताना घेणारा रंगाची जाडी मोजणारं पेंट मीटर टेकवतो. मूळ रंगाच्या ठिकाणी शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा आकडा येतो, पुन्हा रंगवलेल्या ठिकाणी दोनशे-तीनशेच्या पुढे, आणि लांबी भरलेली असेल तर त्याच्याही कितीतरी वर. बॉनेट आणि दोन्ही फेंडर रंगवलेले दिसले की त्याला समोरची धडकच दिसते. खडीचे टवके होते हे सांगून पटत नाही. भरलेले टवके मात्र तो बघतो, महामार्गावर चाललेली गाडी आहे हे समजतो आणि पुढे जातो.

विम्यात बसवण्याचा हिशेब

क्लेममध्ये फुकट होतं, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. वर्षभर क्लेम न घेणाऱ्याला स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर नो क्लेम बोनस मिळतो: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो आणि शिडी पहिल्या पायरीपासून चढावी लागते. समजा, विम्याच्या या भागाचा प्रीमियम बोनस धरण्यापूर्वी १२,००० रुपये आहे आणि ५० टक्के सूट मिळते आहे. क्लेमनंतरच्या पाच नूतनीकरणांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सूट गमावली जाते. प्रीमियम तेवढाच धरला तर ते १५,००० रुपये होतात. गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी असेल. तरी एक बॉनेट स्वखर्चानं रंगवण्यापेक्षा तो बहुधा जास्तच भरतो. साध्या पॉलिसीत रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा आणि सक्तीची वजावट वेगळी. झीरो डेप घसारा वाचवते, बोनस वाचवत नाही. त्यासाठी वेगळं जास्तीचं संरक्षण घ्यावं लागतं. खरा अपघात झाला तर क्लेम जरूर घ्यावा, विमा त्यासाठीच आहे.

फिल्म, कोटिंग आणि अंतर

टवके पडूच नयेत म्हणून बाजारात दोन गोष्टी विकल्या जातात आणि त्या सर्रास एकाच दमात सांगितल्या जातात. सिरॅमिक कोटिंग फार तर एक-दोन मायक्रॉनचं असतं. त्यानं पाणी ओघळतं, धूळ कमी धरते, धुणं सोपं जातं. पण खडीचा मार जिथे शंभर मायक्रॉनचे थर झेलू शकत नाहीत तिथे ते काहीच करू शकत नाही, आणि त्यासाठी ते विकणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे. पेंट प्रोटेक्शन फिल्म खरोखर मार घेते. ती १५० ते २०० मायक्रॉनची लवचीक पॉलियुरेथेनची फिल्म असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड. अख्ख्या गाडीला ती लावायची गरज क्वचितच असते. टवके उडतात ते बॉनेटच्या पुढच्या भागावर, आरशांच्या पुढच्या बाजूला आणि चाकांमागे. तेवढ्यापुरती लावली तरी बहुतेक काम होतं. चाकांमागच्या पत्र्याचा मार तर आपल्याच टायरचा असतो, आणि काही शे रुपयांचे मडफ्लॅप तो अडवतात. डंपरच्या मागे अंतर ठेवून, वेग उतरवून चालणं याला पैसेही लागत नाहीत. उघडी खडी वाहणाऱ्या डंपरवर ताडपत्री घालून घेणं हे मात्र एकट्या चालकाचं काम नाही. ठेकेदाराकडून ते करवून घेणारी यंत्रणा रस्त्यावर दिसायला हवी, आणि ती पुरेशी दिसत नाही.

मजुरीचा प्रश्न

पेंटर अख्खं पॅनल का सुचवतो, याचं उत्तर लबाडीत शोधू नये. टवके भरायला दीड-दोन तास एकाग्र बसावं लागतं आणि गिऱ्हाईक त्याचे शंभर रुपये द्यायलाही कां-कूं करतं. पॅनलचा दर ठरलेला आहे, तो कुणी विचारत नाही. त्या दरात पेंटर स्वतःची फुप्फुसं घालतो, हे फारसं कुणी मोजत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यानं व्यावसायिक दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही झटका येऊ शकतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हा त्यावरचा खरा उपाय. रस्त्याकडेच्या शेडमध्ये तोंडाला रुमाल बांधलेला असतो.

टवका भरण्याच्या कामाला पॅनलसारखाच दर असायला हवा: बॉनेटचे टवके, बसून दोन तास, इतके रुपये. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये त्याची वेगळी ओळ हवी आणि गिऱ्हाइकानं ती विचारून मागायला हवी. पाच-सातशे रुपये मजुरी दिली तरी ती पॅनलच्या खर्चापुढे थोडी आहे, पेंटरला त्यात फवारा मारावा लागत नाही, आणि कारखान्यातला रंग होता तिथेच राहतो.